बीअरचं किट चांगलं, पत्रक मात्र बाजूला ठेवा

घरी बीअर करायचं वीस लिटरचं स्टार्टर किट मागवलं होतं. त्यात आलं ते असं: झाकणाची पांढरी बादली, तिला तळाशी नळ, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी पाण्याची झडप), हायड्रोमीटर (द्रवात तरंगून त्याची घनता, म्हणजे साखर किती उरली ते दाखवणारी काचनळी), सायफनची नळी, बाटल्यांना झाकणं बसवायचं यंत्र, हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेल्या माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या धान्याच्या, अर्काचा डबा, यीस्टची पुडी, साखरेचा चमचा आणि एकपानी सूचनापत्रक. सामान ठीकठाक आहे, काही तर अपेक्षेपेक्षा बरं. पण पत्रकाबद्दल मला बरंच बोलायचंय. त्याच्या भरवशावर राहिलात तर बीअर फसेल ती फसेलच, वर बाटल्या फुटतील.

पत्रक म्हणतं, 'सात दिवसांत तयार. बुडबुडे थांबले की बाटल्या भरा.' सात दिवस कुणाच्या हिशोबाने? यीस्ट किती जोमदार आहे, खोली किती गार आहे, यावर सगळं अवलंबून. आणि बुडबुड्यांचं म्हणाल तर आमच्या एअरलॉकमधून पहिल्या संध्याकाळी जोरात गुडगुड झाली आणि नंतर एकदम शांतता. नवऱ्याने लगेच निकाल दिला, "अगं, मेलं तुझं यीस्ट." यीस्ट ठणठणीत होतं. झाकणातलं रबराचं कडं एका बाजूला नीट बसत नव्हतं, वायू तिथून निसटत होता. झाकणाच्या कडेवर साबणाचं पाणी लावलं तर तिथेच बुडबुडे फुटायला लागले. उलटही होतं. आंबणं संपल्यावर खोली तापली, की बीअरमध्ये विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि एअरलॉक पुन्हा बोलायला लागतो. थोडक्यात, त्याला विचारून काही ठरवू नका. रात्री गारठा पडला तर एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जाऊ शकतं, म्हणून त्यात पाणी खुणेपर्यंतच ठेवा.

या किटमधली मोलाची वस्तू म्हणजे हायड्रोमीटर, आणि पत्रकात त्याला जेमतेम अर्धी ओळ! मी नोकरीभर शाळेच्या प्रयोगशाळेतलं काचसामान सांभाळलं, त्यामुळे नवा हायड्रोमीटर आला की आधी तो साध्या पाण्यात सोडून बघायची सवय. २० अंशांच्या पाण्यात १.००० दाखवायला हवा, हा १.००२ दाखवत होता. आतली कागदी पट्टी किंचित सरकलेली असते, स्वस्तातल्या हायड्रोमीटरमध्ये हे चालायचंच. तेवढे दोन अंक वजा करायचे की झालं. बीअरच्या नमुन्यात सोडल्यावर त्याला बोटांनी एक हलकी गिरकी द्या, म्हणजे दांडीला चिकटलेले बुडबुडे सुटतात. नाहीतर ते त्याला वर उचलतात आणि आकडा फुगतो. मग डोळे बीअरच्या पातळीला आणून वाचा.

सुरुवातीला १.०४८ होतं. पत्रकातल्या सातव्या दिवशी आकडा होता १.०१८, आणि अहोंनी बाटल्या धुवून ओळीने मांडून ठेवलेल्या. म्हटलं, थांबा. शेवटी आकडा १.०१० वर आला आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा घेतला तरी तोच राहिला, तेव्हाच नळ उघडला. दोन आकड्यांतल्या फरकाला १३१ ने गुणलं की मद्यार्काची टक्केवारी मिळते. इथे साधारण पाच टक्के. पण खरा मुद्दा १.०१८ आणि १.०१० यांच्या मधल्या आठ अंकांचा, म्हणजे तेवढ्या न आंबलेल्या साखरेचा. फेसासाठी बाटलीत लिटरमागे ६-७ ग्रॅम साखर घालतात. आठ अंक शिल्लक असताना भरलं, तर त्याच्या दुपटीहून जास्त साखर आधीच आत असते. झाकण घट्ट, वायूला वाट नाही, मग काच फुटणारच.

साखरेचा चमचाही किटमधला वापरू नका. कधी शिगोशीग, कधी सपाट, त्यामुळे एक बाटली फसफसून बाहेर येते आणि शेजारची मुकी राहते. साखर वजन करून पाण्यात उकळा, दुसऱ्या स्वच्छ बादलीच्या तळाशी घाला आणि त्यावर सायफनने हळूहळू बीअर सोडा, छपछप न करता. पण दुसरी बादली किटमध्ये नाहीच! ही मोठी उणीव. एक बाटली प्लॅस्टिकची भरून ठेवली तर ती दाबून आतला जोर कळतो, हे पत्रकात असायला हवं होतं.

आता यीस्टची पुडी. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, तेव्हापासून बीअर करणाऱ्याला आपण नेमकं काय घालतोय हे कळू लागलं. या पुडीवर मात्र ना जात, ना तारीख, नुसतं 'यीस्ट'. ते कोणत्या तापमानाला खूश असतं हे कळायला मार्ग नाही. पत्रकात '२० ते २८ अंश' असं ऐसपैस लिहिलंय. एल या प्रकारच्या बीअरच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश मानवतात, आणि आंबताना बादली स्वतःही तापते, आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंश वर जातं. २८ वर ठेवलं तर केळ्याचा वास आणि घशाला चटका. मी बादलीला ओलं फडकं गुंडाळून पंखा लावला, बादलीला बाहेरून चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीवरचा आकडा उतरला.

बादलीचं प्लॅस्टिक जाड आहे, आतून घासणी लावू नका, ओरखड्यांत जंतू बसतात. नळ पहिल्यांदा ठिबकला, वॉशर उलटा बसवलेला आला होता. झाकणं बसवायचं यंत्र अगदी उत्तम, एका हाताच्या दाबात टक्क बसतं.

बाटल्या भरल्यावर निदान दोन आठवडे अंधारात, खोलीच्याच तापमानाला, मग फ्रीज. घाईने उघडलेलीला कच्च्या सफरचंदाचा वास होता. तिच्याच जोडीच्या उशिरा उघडलेल्या बाटलीत तो नव्हता. नवऱ्याला पहिलीच आवडली, त्याला मी काय करणार.

कड्याची तक्रार केली तर विक्रेत्याने नवं कडं विनातक्रार पाठवलं. पाकिटात सोबत पत्रकही होतं, तेच, सात दिवसांचं.