जर्मनीतल्या रूमपायी १,३४,७०० रुपये गेले. पोरं बाहेर पाठवणाऱ्यांनी वाचा

माझ्या धाकट्या बहिणीला जर्मनीत आखेनला मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला. १९ सप्टेंबर २०२५ ला तिला मुंबईत विमानात बसवून आम्ही निपाणीला परत आलो आणि २४ तारखेला मी स्वतःच्या हातानं १,२६० युरो चोराच्या खात्यात घातले. शेजारीपाजारी अजून कुणाला सांगितलेलं नाही, लाज वाटते. पण आमच्या कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, खानापूर भागातून आता पोरं बाहेर शिकायला जातात आणि प्रत्येक घराला वाटतं, आपल्याला कोण फसवणार?

प्रकार तुमच्या ओळखीचाच आहे. रूमचे चांगले फोटो, भाडं बाजारापेक्षा जरासंच कमी, मालकीण कामानिमित्त परदेशात, पैसे मिळाले की चावी कुरिअरनं. "एवढंही कळलं नाही का?" म्हणणारे म्हणतील. दुकानाची जीएसटी रिटर्न मी स्वतः भरतो, ओटीपी आजवर कुणाला दिला नाही. तरी फसलो, कारण तिथली कोंडीच तशी होती.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत तिथल्या पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आन्मेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. बहीण उतरली होती त्या हॉस्टेलनं तो द्यायला नकार दिला. नोंद नाही म्हणून बँकेनं खातं उघडलं नाही. खातं नाही म्हणून व्हिसासाठी आधीच भरलेले ११,९०४ युरो, ज्यातले महिन्याला ९९२ तिला मिळायचे होते, ते तसेच अडकून पडले. अप्पांनी तंबाखू विकून आणि वर कर्ज काढून भरलेले पैसे, आणि पोरगी मात्र आठ जणींच्या खोलीत दिवसाला ३४ युरो मोजून झोपतेय. बॅगा कॉटखाली, पासपोर्ट उशीखाली. बाकीच्या झोपल्यात म्हणून फोनवर कुजबुजत बोलायची. आई ते ऐकून रात्र रात्र जागी. अशा वेळी ४२० युरोची रूम आणि ८४० डिपॉझिट म्हटल्यावर तुम्ही काय केलं असतं?

आता मला झोपू देत नाही ती गोष्ट सांगतो.

बँकेत पैसे पाठवायचा फॉर्म भरला. काउंटरवरच्या क्लार्कनं खाते क्रमांक वाचला, पेन थांबवलं आणि तोडक्यामोडक्या मराठीत विचारलं, "सर, रूम जर्मनीत, मग अकाउंट लिथुआनियाचं कसं काय?" युरोपातल्या खाते क्रमांकाची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. जर्मनीचं डीई, हे होतं एलटी. एलटी म्हणजे फसवणूकच असं नाही, ऑनलाइन बँकांची खाती तशी असतात. पण तो माणूस मला थांबवत होता. त्यानं पेनाचं टोक त्या दोन अक्षरांखाली टेकवून ठेवलं होतं, अजून डोळ्यांसमोर आहे. आणि मी काय म्हटलं? "तुम्ही तुमचं काम करा, साडेतीन वाजायला आलेत." तो गप्प बसला, शिक्का मारला. १,३२,९३० रुपये आणि वर चार्जेस १,१८०. त्या माणसाची माफी मी नंतर जाऊन मागितली. पैसे थोडेच परत येणार होते.

बहिणीला शंका आली नव्हती असंही नाही. "दादा, बाई व्हिडिओ कॉलवर येत नाहीत," असं ती दोनदा म्हणाली. मीच म्हटलं, तिचा पासपोर्ट आलाय, करार आलाय, आणखी काय पाहिजे? पासपोर्टचा फोटो हा पुरावा नाही, हे डोक्यात कोरून ठेवा. तो अनेकदा मागच्या फसलेल्या माणसाचा असतो.

चावी येईना, फोन लागेना. चौथ्या दिवशी बहीण दोन्ही बॅगा ओढत त्या पत्त्यावर गेली. तिकडे इमारतीच्या दाराशी प्रत्येक घंटीवर राहणाऱ्याचं आडनाव असतं. अकरा घंट्या होत्या. तिनं अकराही नावं दोनदा वाचली, बाईचं नाव नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, बॅगा बघूनच त्यांनी मान हलवली. या महिन्यात येणारी ती चौथी होती. पैसे द्यायच्या आधी तिथल्या कुठल्याही सीनियरला फक्त घंट्या वाचून यायला सांगितलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं.

मग तक्रार. आमच्याकडच्या पोलीस ठाण्यात मराठीतला अर्ज बघून पहिलं वाक्य, "कन्नडमध्ये लिहून आणा." घटनेच्या ३५० व्या कलमानं राज्यात किंवा संघराज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिलाय, पण तिथं उभं राहून कुणाला वाचून दाखवणार? कन्नडमध्ये लिहून नेला. तर म्हणे गुन्हा जर्मनीत घडला, तिकडे द्या. अहो, पैसे निपाणीतून गेले! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात स्पष्ट आहे, हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यायची. हे सांगितल्यावर साहेबांनी वर बघितलं आणि अर्जावर पोच दिली. एफआयआर नाही. पाच हेलपाटे, पाचही वेळा "साहेब बंदोबस्तात". जर्मनीत बहिणीनं तक्रार दिली, त्यांनी शांतपणे फाइल नंबर दिला आणि दोन महिन्यांनी पत्र, आरोपी सापडत नाही, तपास बंद. आणि बँक! पैसे परत बोलवायच्या विनंतीचे ५९० रुपये आधी कापून घेतले आणि १९ दिवसांनी कळवलं, खातेदाराची संमती नाही. चोराची संमती! हे वाक्य लिहिणाऱ्याला काही वाटलं नसेल का?

तुम्ही निदान सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करा. मी तीन दिवस घरात तोंड लपवून बसलो, तो वेळ चोराच्या कामी आला. चावी हातात पडल्याशिवाय एक युरो देऊ नका. तिथल्या कायद्यानं डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि भाडेकरू ते तीन हप्त्यांत भरू शकतो, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. रूमआधी सगळं एकदम मागणारा म्हणूनच संशयास्पद. प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाच्या यादीत नाव घाला, आम्ही व्हिसा मिळेपर्यंत थांबलो. आणि कागदपत्राची प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवं लिहा, कुणाला, कशासाठी, कुठल्या तारखेला.

हे शेवटचं आम्ही केलं नव्हतं. करार करायचा म्हणून बहिणीनं पासपोर्टचा स्वच्छ फोटो पाठवला होता. आता तिला रूम मिळालीय, खातं झालंय, कॉलेज सुरळीत चालू आहे. जानेवारीत रात्री दीड वाजता तिचा फोन आला, रडत होती. एका अनोळखी मुलानं नाव शोधून तिला इन्स्टाग्रामवर मेसेज केला होता, मराठीतच. त्यानं ९०० युरो भरले होते, आणि सोबत जोडला होता तिच्याच पासपोर्टचा फोटो.

"ताई, चावी कधी पाठवताय?"