२८ टक्क्यांचा अहवाल खरा, माल खोटा: नाशिक पट्ट्यातली डीडीजीएसची फसवणूक

निफाड-सिन्नर भागातल्या सहा गोठ्यांनी मिळून मका डीडीजीएसचा, म्हणजे मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या सुक्या चोथ्याचा, एक ट्रक जनावरांच्या खुराकासाठी उचलला. २०० गोण्या, गोणी ५० किलोची, म्हणजे १० टन. भाव बाजारापेक्षा किलोमागे दोन रुपये कमी. सोबत प्रयोगशाळेचा ताजा अहवाल होता, प्रोटीन २८.८ टक्के. अहवाल खोटा नव्हता, म्हणूनच सगळे फसले.

इथेनॉल काढताना मक्यातला स्टार्च यीस्ट खाऊन टाकते. १०० किलो मक्यामागे साधारण ३८ लिटर इथेनॉल निघते आणि ३० किलोच्या आसपास डीडीजीएस उरते. स्टार्च म्हणजे दाण्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग, तो गेला की बाकीचे घटक तिप्पट दाट होतात. मक्यात ८-९ टक्के असलेले प्रोटीन डीडीजीएसमध्ये २६ ते ३० पर्यंत जाते. तांदळाचे असेल तर ४० ते ४५. पैसे आपण या प्रोटीनचे मोजतो.

पण नेहमीच्या चाचणीत प्रोटीन थेट मोजले जात नाही. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरियात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे या गणिताने १०० किलो युरियात २८७ किलो 'प्रोटीन'! खताची ४५ किलोची अनुदानित गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे किलो सहा रुपयांच्या आत. खाद्यात यापेक्षा स्वस्त 'प्रोटीन' दुसरे नाही.

या ट्रकमधल्या मालाचा १०० किलोमागे हिशेब असा बसतो. ७५ किलो मका डीडीजीएस, २६ टक्क्यांचे, त्यातून १९.५ किलो प्रोटीन. २२ किलो भाताच्या तुसाची बारीक पावडर, त्यातून जेमतेम ०.७. आणि ३ किलो युरिया, त्यातून कागदावर ८.६. बेरीज २८.८. अस्सल मालापेक्षा भेसळीचा आकडा वर! खरे प्रोटीन मात्र २०.२.

भाव काढताना किलोचा नको, प्रोटीनच्या किलोचा काढा. समजा डीडीजीएस २२ रुपये आहे. खरोखर २८ टक्के असेल तर प्रोटीन किलोला ७९ रुपये पडले. सोयापेंड ४२ रुपये आणि ४६ टक्के धरली तर ९१. म्हणजे डीडीजीएस परवडले. पण प्रोटीन २०.२ असेल तर तोच किलो १०९ रुपयांना पडतो, सोयापेंडीहून महाग, वर पोटात तूस. दोन रुपयांच्या सवलतीचे हे मोल.

गोठ्यात काय दिसले? गव्हाणीच्या तळाला करडी पावडर उरू लागली, दुधाळ गाई दीड-दोन लिटरने उतरल्या. आठवड्याभरात दोन गाई सकाळच्या आंबोणानंतर तासाभरात फुगल्या. तोंडाला फेस, अंगाला थरकाप, धाप. ही युरियाबाधेची लक्षणे. सवय नसलेल्या जनावराला वजनाच्या किलोमागे ०.३ ते ०.५ ग्रॅम युरिया एकदम पोटात गेला तर बाधतो, म्हणजे ४०० किलोच्या गाईला १२० ग्रॅमपासून धोका सुरू. ३ टक्के युरियाच्या तीन किलो मालातून ९० ग्रॅम जातो. मग सगळ्याच गाई का आजारी पडल्या नाहीत? कारण फावड्याने मिसळलेला युरिया सारखा पसरत नाही, दमटपणाने त्याचे खडे होतात. एका घमेल्यात काहीच नसते, दुसऱ्यात दुप्पट. त्यात सोबतच्या गोळी पेंडीतही युरिया असला तर बेरीज आपल्या नकळत होते. रवंथ सुरू न झालेल्या वासरांना तर युरिया देऊच नये, आणि कोंबडीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

असे दिसल्यास खुराक लगेच बंद करून पशुवैद्यकाला बोलवायचे. ते येईपर्यंत थंड पाणी आणि व्हिनेगर पाजण्याचा उपाय डॉक्टर फोनवर सांगतात. प्रमाण त्यांनाच विचारा, कारण फुगलेल्या, थरथरणाऱ्या जनावराला घाईने पाजले तर पाणी फुफ्फुसात जाते.

युरियाची घरगुती परीक्षा कच्च्या सोयाबीनने होते. सोयाबीनमधले युरिएज हे विकर (एन्झाइम) युरियाचा अमोनिया करते. दोन चमचे माल अर्ध्या पेल्या कोमट पाण्यात दहा मिनिटे ढवळून गाळा. डीडीजीएस मुळात आंबट, आणि आंबट पाण्यात अमोनिया अडकून वास येत नाही. ही पायरी बहुतेकांची चुकते. म्हणून गाळलेल्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. मग ताजे दळलेले कच्चे सोयाबीन एक चमचा घालून, झाकून, उबदार जागी अर्धा तास ठेवा. भाजलेले सोयाबीन किंवा दुकानातली सोयापेंड चालत नाही, उष्णतेने युरिएज मरते. शेवटी चिमूटभर खायचा चुना टाकून हळदीचे पाणी लावलेला ओला कागद पेल्यातल्या पाण्याला न लावता वर धरा. कागद लालसर झाला आणि नाकाला झोंबले तर युरिया आहे असे समजा. शेजारी मका भरड्याचा एक पेला अगदी याच पद्धतीने केलेला हवाच, नाहीतर फरक कळत नाही. वास आला म्हणजे लगेच भांडायला जाऊ नये, तो माल युरियाच्या वेगळ्या चाचणीला पाठवावा.

तूस ओळखणे सोपे. चमचाभर माल लोखंडी पळीत पूर्ण जाळा. चांगल्या डीडीजीएसची राख ४-५ टक्के उरते. तुसाची स्वतःची राख १५ ते २० टक्के, पांढरट करडी, बोटांना खरखरीत. वाळू असेल तर माल पाण्यात ढवळल्यावर तळाला बसते.

युरिया नसलेल्या मालातही पैसे जातात. काळपट तपकिरी, जळक्या कॉफीसारख्या वासाचे डीडीजीएस म्हणजे ड्रायरमध्ये करपलेला माल. त्यातही अहवाल २८ च दाखवतो, पण करपलेल्या प्रोटीनचा बराच भाग पचत नाही, शेणावाटे जातो. सोनेरी पिवळा रंग आणि आंबूस गोडसर वास असलेलाच घ्यावा. अहवालात 'ड्राय बेसिस' लिहिले असेल तर १२ टक्के ओलाव्याच्या मालात २८ चे २४.६ होतात. काही जण प्रोटीन आणि फॅटची बेरीजच 'प्रोटीन' म्हणून सांगतात, तेव्हा दोन्ही आकडे वेगळे मागा.

वेट केकमध्ये, म्हणजे डिस्टिलरीतून न सुकवता येणाऱ्या ओल्या चोथ्यात, तर पाणीच विकले जाते. चांगल्या केकमध्ये कोरडा भाग ३० टक्के, म्हणजे १० टनांत ३ टन. ट्रकमधून पाणी गळण्याइतका केक ओला असेल आणि कोरडा भाग २५ टक्क्यांवर आला असेल तर अर्ध्या टन खाद्याचे पैसे काट्यावर पाण्यालाच गेले. १०० ग्रॅम तव्यावर मंद आचेवर, न करपवता, वजन स्थिर होईपर्यंत सुकवून पाहिले की उत्तर मिळते. एप्रिल-मेच्या उन्हात हा केक दोन-तीन दिवसांत बुरसतो. आठवड्याचा साठा देऊ करणारा आपल्या फायद्याचे बोलत नसतो.

बुरशीचा मुद्दा वेगळा. परतीच्या पावसात भिजलेला मका डिस्टिलरीत गेला तर अल्कोहोल निघते, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मात्र उरलेल्या चोथ्यातच राहून तिप्पट दाट होते. मक्यात २० पीपीबी (अब्ज भागांत २० भाग) असेल तर डीडीजीएसमध्ये ६० च्या आसपास. पशुखाद्यासाठी भारतीय मानक २० पीपीबीची मर्यादा सांगते, आणि विषाचा अंश दुधातही उतरतो. ही चाचणी वेगळी मागावी लागते, नेहमीच्या अहवालात ती नसते.

खात्रीचा माल असला तरी गाईला पाव-अर्ध्या किलोपासून सुरुवात करून दहा-बारा दिवसांत दोन-तीन किलोवर न्यावे. एकूण कोरड्या खुराकाच्या पाचव्या भागापुढे जाऊ नये. डीडीजीएसमध्ये कॅल्शियम अगदी कमी असते, म्हणून खनिज मिश्रण चुकवू नये.

आता त्या ट्रकचे. नमुना विक्रेत्याने स्वतः काढून दिला होता आणि तोच प्रयोगशाळेत गेला. माल उतरल्यावर कुणी परत तपासला नाही. करायला हवे होते ते एवढेच: दर दहा गोण्यांतून एकीत तोंडापासून तळापर्यंत पोकळ सळई खुपसून माल काढायचा, सगळा एकत्र मिसळायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे. उरलेल्याच्या अर्ध्या किलोच्या तीन पुड्या, तिन्हींवर दोघांच्या सह्या आणि तारीख. एक पुडी एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला, एक विक्रेत्याला, एक सील करून आपल्याकडे. चाचणीत प्रोटीनसोबत युरिया, वाळू-सिलिका आणि अफ्लाटॉक्सिन लिहून मागायचे. आणि निम्मे पैसे अहवाल येईपर्यंत थांबवायचे, तसे बिलावरच लिहून घ्यायचे.

या सौद्यात यातले काहीच झाले नव्हते. वाद झाला तेव्हा विक्रेत्याने विचारले, "हा माल माझ्याच ट्रकमधला कशावरून?" गोठ्यांकडे सह्यांची पुडी नव्हती, सगळे पैसे उतरवतानाच दिले होते. उरलेल्या ४६ गोण्या त्याने अर्ध्या भावात परत नेल्या.