मालमत्ता व्यावसायिकांसाठी बांधकामाचा अभ्यासवर्ग : काय शिकवतात, काय राहून जाते

पुण्यातील एका खासगी प्रशिक्षण संस्थेचा, इमारत बांधकामाच्या मूलभूत माहितीचा शनिवार-रविवारचा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. वर्गात मालमत्ता सल्लागारांचा भरणा अधिक होता. त्यांच्या जोडीला गृहकर्ज विभागातील काही बँक अधिकारी, करारनाम्यांचे काम पाहणारे वकील आणि एका मोठ्या गृहसंस्थेचे व्यवस्थापक होते. महारेराने, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाने, २०२३ मध्ये एजंटांसाठी सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक केले, पण त्या परीक्षेच्या तयारीत भर साहजिकच कायद्यावर असतो. ज्या इमारतीतील घर आपण विकतो ती उभी कशी राहते, हे शिकण्याची सोय वेगळीच शोधावी लागते. ती गरज हा वर्ग बऱ्याच अंशी भागवतो, मात्र सर्वांची सारखी भागवत नाही.

सर्वांत उत्तम सत्र पहिलेच होते. शिकवणारे निवृत्त स्थापत्य अभियंता होते आणि त्यांनी सिमेंटच्या प्रकारांपासून सुरुवात न करता महारेराच्या नमुना करारनाम्यातील, ग्राहकाने विकासकाला द्यायच्या हप्त्यांचे वेळापत्रक फळ्यावर लिहिले. जोते पूर्ण झाल्यावर एकूण किमतीच्या ४५ टक्क्यांपर्यंत, सर्व स्लॅब पूर्ण झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत, भिंती, आतील प्लास्टर, फरशी, दारे-खिडक्या झाल्यावर ७५ टक्क्यांपर्यंत, आणि असेच पुढे ताबा मिळेपर्यंत. या प्रत्येक टप्प्यावर जागेवर प्रत्यक्ष काय दिसायला हवे, हाच मग त्या दिवसाचा अभ्यासक्रम झाला. पाया खणणे, तळाचे काँक्रीट, फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया), कॉलम, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची तुळई), मुरमाची भरणी आणि तिच्यावरची धुम्मस (ठोकून घट्ट करणे) हे सगळे ‘जोते पूर्ण’ या दोन शब्दांत सामावलेले असते, हे कळल्यावर विकासकाच्या हप्त्याच्या मागणीपत्राकडे पाहण्याची दृष्टी बदलते. खाली दोन मजल्यांचे तळघर असेल तर जोते नेमके कशाला म्हणायचे, या प्रश्नावर वकील मंडळी आणि अभियंता यांच्यात झालेली चर्चा त्या दिवसातील सर्वांत उपयुक्त अर्धा तास ठरली. सांगाडा उभा राहतो तेव्हा ७० टक्के रक्कम गेलेली असते आणि ग्राहकाच्या नजरेला सुखावणारे जवळजवळ सगळे काम त्यानंतर सुरू होते, ही गोष्ट आपल्यापैकी किती जण पहिल्या भेटीत ग्राहकाला स्पष्ट सांगतात?

दुसरे मोलाचे अंग म्हणजे बांधकामस्थळाची भेट. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी आम्हांला सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅबसाठी बांधलेल्या तात्पुरत्या साच्यावर, नेण्यात आले. सळ्यांखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर ठेवणारे छोटे ठोकळे) आहेत की सळई थेट प्लायवर टेकली आहे, कॉलमच्या सळ्यांभोवतीच्या रिंगा बीमच्या जोडापाशी कमी अंतरावर बांधल्या आहेत की नाहीत, काँक्रीटच्या ट्रकमागून चाचणीसाठी १५० मिलिमीटरचे ठोकळे भरले जातात की नाही, या गोष्टी पाहायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅशसारखे मिश्रण असलेल्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारावे लागते, आणि दोन आधारांमधील अंतर साडेचार मीटरहून अधिक असलेल्या स्लॅबचे टेकू साधारणपणे १४ दिवस काढायचे नसतात. ‘दर आठवड्याला एक स्लॅब’ अशी जाहिरात पाहिली की खालच्या मजल्यांवरचे टेकू अजून जागेवर आहेत का, हे विचारावे, असे शिक्षकांनी सुचवले. आपण मत देऊ नये, फक्त योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारावा, हा त्यांचा आग्रह मला पटला.

मायव्हान पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम साच्यांत ओतलेल्या इमारतींवरचे विवेचनही नेमके होते. या इमारतींत आतील भिंतीही बहुधा काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. त्यामुळे ‘स्वयंपाकघराची ही भिंत काढून हॉल मोठा करता येईल का’ या नेहमीच्या प्रश्नाला ‘बघू या’ असे उत्तर देणे बेजबाबदारपणाचे ठरते. याला जोडून आलेला मुद्दा मला नवा होता. रेरा कायद्यातील चटई क्षेत्राच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही, पण घरातील आडभिंतींखालची जागा धरली जाते. साहजिकच कागदावर समान चटई क्षेत्र असलेल्या दोन घरांपैकी ज्याच्या आडभिंती पातळ, त्यात वावरायला जागा थोडी अधिक मिळते.

यापुढे मात्र वर्गाची पकड सैल होते. सळईच्या वजनाचे गणित, म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२, शिकायला गंमत वाटते आणि १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८८ किलो भरते हे लक्षातही राहते. परंतु त्यानंतर सळ्यांचा संपूर्ण तक्ता, म्हणजे कोणत्या मापाच्या किती सळ्या लागतील याची यादी, मांडायला लावण्यात जो वेळ गेला, तो पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी ठीक, आमच्यासाठी नव्हे. उलट भूकंपाचा विषय एका रंगीत नकाशावर आटोपला. १९६७ चा कोयना आणि १९९३ चा किल्लारी भूकंप ज्या राज्याने पाहिला, तिथे तळमजल्यावर फक्त कॉलम आणि वाहनतळ असलेल्या इमारतींचा तो मजला वरच्या मजल्यांपेक्षा कमकुवत का ठरू शकतो, हे समजावणे आवश्यक होते. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत अशाच कित्येक इमारती कोसळल्या होत्या.

सर्वांत मोठी उणीव जुन्या इमारतींची. आमच्यातील निम्मे लोक पुनर्विक्रीचे काम करणारे होते आणि त्यांच्या हाती येणारे घर बहुधा तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे असते. गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्यातून (विटांच्या तुकड्यांच्या जलरोधक थरातून) झिरपणारे पाणी, गंजून फुगलेल्या सळईने सुटलेले काँक्रीट, प्लास्टरची वरवरची भेग आणि कॉलममधील चिंताजनक भेग यांतील फरक यांवर वर्गात जवळजवळ काहीच झाले नाही. सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचे असते. तो अहवाल संस्थेकडे मागावा आणि कसा वाचावा, एवढे शिकवले असते तरी या मंडळींचे शुल्क वसूल झाले असते. रेराच्या कलम १४ मधील ५ वर्षांची दोषदायित्वाची, म्हणजे बांधकामातील दोष विकासकाने दुरुस्त करून देण्याची, तरतूदही केवळ उल्लेखापुरती आली. ताबा घेताना कोणते दोष लेखी नोंदवावेत, याचा एखादा नमुना तरी द्यायला हवा होता.

व्यवस्थेबद्दल थोडे. शिकवणे मराठीत आणि बांधकामावरच्या रोजच्या शब्दांत होते, पण टिपणे सगळी इंग्रजीत आणि आकृत्या अंधूक. माहितीपत्रकात छापलेल्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, हे पैसे भरतानाच कळते. शेवटची परीक्षा नावापुरती आहे आणि तिचे प्रमाणपत्र महारेराच्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही. नोंदणीच्या वेळी हे स्पष्ट विचारून घ्यावे.

नव्या प्रकल्पांतील घरे विकणाऱ्यांनी आणि गृहकर्जाचे हप्ते टप्प्याटप्प्याने वितरित करणाऱ्या बँक अधिकाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा. ‘जुन्या इमारतींचे सत्र पुढील तुकडीपासून जोडू,’ असे संचालकांनी तोंडी सांगितले आहे. पुनर्विक्रीचे काम करणाऱ्यांनी ते वेळापत्रकात छापून आल्यावरच नाव नोंदवावे.