रंगाखालची काच बदलली होती: जुन्या फुलदाण्या रंगवायला देण्याआधी हे वाचा

गेल्या एप्रिलमध्ये मी सासूबाईंच्या तीन जुन्या काचेच्या फुलदाण्या रंगवायला दिल्या. परत तीनच आल्या, पण त्या आमच्या नव्हत्या. ते कळायला मला चार महिने लागले. दुसऱ्या कुणाच्या घरात असं घडू नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही फोंड्याचे. सासूबाईंचं लग्न 1958 सालचं, म्हणजे पोर्तुगीजांकडून गोवा मुक्त होण्याच्या आधीचं. तेव्हा गोव्यात परदेशी माल बराच यायचा. त्यांच्या वडिलांनी मडगावहून आणलेल्या या गर्द निळ्या फुलदाण्या लग्नात दिल्या होत्या. पाण्याचे पांढरे डाग बसून आतली काच धुरकट झाली होती, एकीच्या काठाचा टवकाही उडाला होता. कित्येक वर्षं त्या कपाटावर धूळ खात पडून होत्या. मला वाटलं, हल्ली काचेला मातीच्या जुन्या भांड्यासारखं खरबरीत रूप देतात, तसं करून घेतलं तर निदान दिवाणखान्यात तरी येतील.

एका प्रदर्शनात असं काम करणारा माणूस भेटला. त्याचे नमुने खरंच सुंदर होते, थेट डिचोलीच्या कुंभाराकडून आणल्यासारखे. घरी येऊन त्याने आमच्या फुलदाण्या पाहिल्या, हातात घेऊन उजेडात धरल्या, बूड उलटं करून बोट फिरवलं. "वहिनी, काही काळजी करू नका, ओळखू येणार नाहीत इतक्या छान करून देतो," म्हणाला. एकीचे 1,200 रुपये ठरले. निम्मे मी तिथेच दिले. पावती मागितली नाही, फोटो काढला नाही. घरात आलेल्या, चहा प्यायलेल्या माणसाकडे पावती कशी मागायची, असं वाटलं.

तीन आठवड्यांनी फुलदाण्या आल्या. मातकट रंग, बोटाला लागणारा खरबरीतपणा, खाचांत तांबडी माती. बुडाला हिरवं मखमली कापड चिकटवलेलं होतं, "टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून." गळ्याच्या आतही चार बोटं खोल रंग होता. "पाणी घालू नका, सुकी फुलंच ठेवा," असं त्याने दोनदा बजावलं. मला ते सगळे कामातले बारकावे वाटले. आता कळतं की कापडामुळे बूड झाकलं गेलं, आतल्या रंगामुळे काचेचा रंग दिसेनासा झाला आणि पाणी न घातल्यामुळे पापुद्रा टिकून राहिला.

सासूबाई पंच्याऐंशीच्या पुढच्या, दृष्टी अधू. त्यांच्या हातात एक दिली तर क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ही माझी नव्हे गो. माझी दोन हातांनी उचलावी लागायची." मी म्हटलं, "आई, रंगामुळे तसं वाटतं." रंगाने वस्तू हलकी कशी होईल, हा साधा विचारही माझ्या मनात आला नाही. त्यांचं तेव्हाच ऐकलं असतं तर तो माणूस निदान फोनवर तरी सापडला असता.

गणेश चवथीच्या साफसफाईला मी ओल्या फडक्याने एक पुसली आणि रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा निघून आला. खाली निळं काहीच नव्हतं. पांढरी, पातळ, साधी काच होती. बुडापासून थेट काठापर्यंत साच्याचा उभा सांधा होता, कापड सोललं तर बुडावर उठावाचा आकडा. आमच्या फुलदाण्यांना असा सांधा नव्हता. बुडाच्या मधोमध तोडल्यासारखा खरखरीत वण होता आणि काचेत बारीक बुडबुडे होते. फुंकून घडवलेल्या काचेची हीच खूण. त्या माणसाने बोट फिरवलं ते त्या वणावरच. परत आलेली ही फुलदाणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर जेमतेम 640 ग्रॅम भरली.

त्याचा फोन बंद. पोलीस ठाण्यात गेलो. विश्वासाने दिलेली वस्तू हडप करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खालचा गुन्हा आहे, पण दिलेली वस्तू कोणती होती हे दाखवायला आमच्याकडे कागदाचा चिटोराही नव्हता.

आणि ज्या कामाला मी 3,600 रुपये मोजले, ते घरी होतं. घरातल्या एका काचेच्या बरणीवर मी स्वतः करून पाहिलं. काच साबणाने धुऊन, मग स्पिरिटने पुसून घ्यायची, कारण तेलकट बोट लागलं तरी तिथला रंग सुटतो. अ‍ॅक्रिलिक रंगात खाण्याचा सोडा मिसळायचा, इडलीच्या पिठाइतका दाट होईपर्यंत. ब्रश उलटसुलट मारत दोन हात द्यायचे, मध्ये पूर्ण वाळू द्यायचं. मग अंगणातली ओली माती चोळून, सुकत आली की फडक्याने पुसायची. खाचांत राहते तेवढी माती पुरे, त्यानेच जुनेपणा येतो. पाणी मात्र खरोखरच सोसत नाही, तेवढं त्याने खरं सांगितलं होतं.

द्यायच्याच असतील तर आधी काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. बुडाचा, काठाचा, प्रत्येक टवक्याचा फोटो काढा आणि वजनासकट पावतीवर सही घ्या. परत आल्यावर त्याच्यासमोरच पुन्हा वजन करा, आत बॅटरीचा उजेड पाडून रंगाखालची काच बघा. बुडाला काही चिकटवायचं नाही, हे आधीच सांगा. कुणी यावर कुरकुर केली तर वस्तू उचला आणि घरी या.

आमच्या तिन्ही गर्द निळ्या, साधारण अकरा इंच उंच, गळ्याशी निमुळत्या. सासूबाईंनी आठवून सांगितलेली एक खूण मला माहीतच नव्हती: मधल्या फुलदाणीच्या काठाला आतल्या बाजूने तांदळाच्या दाण्याएवढा टवका आहे, डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की लागतो. कुठे विकायला ठेवलेली दिसली, तर कृपा करून एकदा बोट फिरवून बघा.