राजारामपुरीतला फिल्म क्लब, मायकल लॉन्सडेलचा महिना : पास घ्यावा का?

क्लब म्हणजे पाटी नाही की नाव नाही, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि कोल्हापुरात राजारामपुरीत एका ट्युशन क्लासचा वरचा हॉल. शनिवारी पोरं सुटली की बेंच भिंतीला सारून प्रोजेक्टर लावतात. महिन्याचा पास चारशे रुपये, चार सिनेमे, मध्ये चहा. या वेळी अख्खा महिना एकाच माणसाला दिलेला, मायकल लॉन्सडेल, फ्रेंच नट. ग्रुपवर लगेच सुरू, हा कोण, हिरो आहे का, हिरोईन कोण. हिरो नाही ओ, साईड रोलवाला आहे. आणि माझं म्हणाल तर साईड रोलवाल्याचा महिना ठेवला हेच या लोकांनी लई भारी केलं, कारण हिरोचे चार सिनेमे ओळीनं बघितले की तोच चेहरा तीच चाल, आणि याचे बघितले तर बॉन्डपट, पोलिसपट, प्रेमाची गंमत आणि मठातले साधू असं सगळं एका पासात येतं.

पहिला 'मूनरेकर', १९७९ चा बॉन्डपट. गर्दी जमवायला लावलाय हे उघड होतं आणि जमली पण, पोरं खिडकीत बसलेली. यात हा व्हिलन, ह्यूगो ड्रॅक्स, पृथ्वीवरची सगळी माणसं मारून अंतराळात स्वतःची निवडक प्रजा वाढवायला निघालेला. सिनेमा ठीकच आहे, शेवटची लेझरची मारामारी बघून हॉल हसत होता, पण हा गडी आवाज म्हणून चढवत नाही. बॉन्डला काकडीचं सँडविच घेणार का विचारतो आणि तो गेल्यावर त्याच सुरात नोकराला सांगतो, याला काहीतरी इजा होईल तेवढं बघ. आपल्या निळूभाऊंचा सरपंच आठवा की, आवाज खाली गेला की अंगावर काटा.

दुसऱ्या शनिवारी 'द डे ऑफ द जॅकल', १९७३ चा, आणि माझ्या हिशोबात पास इथंच वसूल. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष द गॉल, त्याला मारायला भाड्याचा मारेकरी निघालाय, त्या मारेकऱ्याला शोधायचं काम लेबेल नावाच्या पोलिसाकडे, तो म्हणजे हा. थकलेला, झोप न झालेला, साध्या कोटातला माणूस, समोर सगळे मंत्री-बिंत्री आणि बडे साहेब. एका मीटिंगमध्ये तो टेप वाजवून दाखवतो, त्यांच्यातल्याच एकाच्या घरून बातमी फुटतीय. नंतर विचारतात, नेमका याचाच फोन टॅप करायचा हे तुला कसं कळलं? तर म्हणे कळलं नव्हतं, म्हणून सगळ्यांचेच केले. एवढं बोलतो आणि चालायला लागतो, ना स्माईल ना काही. आपल्याकडं या डायलॉगला तीन अँगलनं झूम मारला असता. या रोलसाठी त्याला बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या फिल्म अवॉर्डचं, नॉमिनेशन होतं.

तिसरा 'स्टोलन किसेस', फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा, १९६८. यात तो बुटांच्या दुकानाचा मालक, डिटेक्टिव्ह एजन्सीत येऊन म्हणतो मी कुणालाच आवडत नाही, का ते शोधून द्या. बास, एवढीच केस. एजन्सी एका पोराला त्याच्या दुकानात कामाला घुसवते आणि ते पोरगं मालकाच्या बायकोच्याच प्रेमात पडतं. चपलांच्या गावात बसून हे बघताना हॉलमध्ये काय काय कॉमेंट झाल्या ते इथं लिहीत नाही. पण बघा, हा माणूस बोलता बोलता इतकं वाईट काहीतरी बोलून जातो की तो का आवडत नाही ते आपल्याला लगेच कळतं, आणि त्याला शेवटपर्यंत कळत नाही. थोडाच वेळ आहे पडद्यावर पण मला हिरोपेक्षा तोच आठवतोय.

सिनेमाच्या आधी एक दादा मोबाईलमध्ये बघून माहिती सांगतात, ती मात्र चांगली असते. १९३१ ला पॅरिसमध्ये जन्म, बाप इंग्रज लष्करी अधिकारी, आई फ्रेंच, लहानपण इंग्लंडात आणि मग मोरोक्कोत गेलं, त्यामुळं दोन्ही भाषा घरच्याच. म्हणून तर बॉन्डमध्ये पण चालला आणि फ्रेंच लेखिका-दिग्दर्शिका मार्गरित द्यूरासच्या 'इंडिया साँग'मध्ये पण. त्यात तो लाहोरचा माजी व्हाइस कॉन्सल, म्हणजे फ्रान्स सरकारचा तिथला अधिकारी आहे, गोष्ट कलकत्त्याची आणि शूटिंग सगळं फ्रान्समध्ये. तो पण लावायला पाहिजे होता, पण लावला असता तर अर्धा हॉल चहाच्या आधीच घरी गेला असता हे पण खरं. मला हे ऐकताना सारखे आपले गणपत पाटील आठवत होते. ताकदीचा नट, पण नाच्याचा शिक्का बसला तो कायमचाच. लॉन्सडेलला ड्रॅक्स चिकटला नाही, तो पुढं 'द नेम ऑफ द रोझ'मध्ये मठाधिपती झाला, 'म्युनिक'मध्ये बातम्या विकणारा म्हातारा झाला. हे नशीब प्रत्येकाला मिळत नाही.

शेवटचा 'ऑफ गॉड्स अँड मेन', २०१०. अल्जेरियातल्या तिबिरिनच्या मठातले साधू, १९९६ मध्ये त्यातल्या सात जणांना पळवून नेलं आणि ते मारले गेले, ही खरी घटना. लॉन्सडेल यात ब्रदर ल्यूक, डॉक्टर, स्वतःला दम्याचा त्रास आणि दिवसभर गावातल्या बायाबापड्यांना तपासतोय. गावातली एक पोरगी त्याला विचारते प्रेमात पडल्यावर कसं वाटतं, तर हा ऐंशीला टेकलेला बाबाजी बाकावर बसून तिला मैत्रिणीसारखं सांगतो, कसलाही संकोच नाही. शूटिंग मोरोक्कोत झालंय, म्हणजे पोरवयात जिथं राहिला तिथंच म्हातारपणी परत कॅमेऱ्यासमोर. याला त्याला सहाय्यक अभिनेत्याचं सेझार मिळालं, २०११ ला. फ्रान्सचं सगळ्यात मोठं फिल्म अवॉर्ड, आणि पठ्ठ्या १९५६ पासून काम करतोय! २०२० ला गेला.

आता तक्रारी. याच सिनेमाआधी दादांनी प्रस्तावनेत शेवट सांगून टाकला. अरे घटना माहीत असणं वेगळं, शेवटचा शॉट कसा आहे ते कशाला सांगायचं? सबटायटल फक्त इंग्लिश, ते पण पांढरे, बर्फाच्या सीनमध्ये काहीच दिसत नाही. माझ्या शेजारच्या मावशी प्रत्येक वाक्याला काय म्हणाला काय म्हणाला विचारत होत्या, त्यांची चूक नाही, मराठीत एक पान गोष्ट छापून वाटली तर काय बिघडतंय. भडंगाच्या कुरकुरीत पिशव्यांवर बंदी घाला. चहा मात्र एक नंबर.

पास घ्या. सुट्टं तिकीट दीडशेला आहे, ते परवडत नाही. साडेसहाची वेळ सांगतात आणि सातला सुरू होतं, तरी लवकर जा, कारण मागच्या दोन ओळींसमोर खांब आहे.