एसजीबीएस पेशी: माणसाची मेदपेशी घडताना पाहायची असेल तर

चरबीवर काम सुरू करणाऱ्या प्रयोगशाळेत बहुधा आधी येतात त्या उंदराच्या ३टी३-एल१ पेशी, ज्या प्लेटमध्ये वाढवून मेदपेशी म्हणजे चरबी साठवणाऱ्या पेशी बनवता येतात. सहज मिळतात, भराभर वाढतात. पण प्रश्न माणसाच्या लठ्ठपणाचा असेल तर एसजीबीएस या मानवी पेशी घ्याव्यात, असं आमचं ठाम मत आहे. सिम्पसन-गोलाबी-बेहमेल सिंड्रोम (एसजीबीएस, एक जनुकीय आजार) असलेल्या एका बाळाच्या त्वचेखालच्या चरबीतून या पूर्वपेशी, म्हणजे पुढे मेदपेशी होऊ शकणाऱ्या पेशी, काढल्या आणि जर्मनीतल्या उल्म इथल्या मार्टिन वाबिच यांच्या गटाने २००१ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. बाहेरचं जनुक घालून त्यांना अमर केलेलं नाही, तरीही सुमारे ५० पिढ्यांपर्यंत मेदपेशी होण्याची ताकद टिकते. ऑपरेशनमधून मिळालेल्या चरबीतल्या पूर्वपेशी मात्र थोड्याच पॅसेजनंतर (एका प्लेटमधून दुसरीत पेरण्याच्या फेऱ्यांनंतर) ढेपाळतात, शिवाय दर दात्यागणिक निकाल बदलतो.

वाढवण्यासाठी डीएमईएम/एफ१२ हे मीडियम (पोषक द्रव), त्यात ३३ मायक्रोमोलर बायोटिन, १७ मायक्रोमोलर पँटोथेनेट आणि १० टक्के सीरम (रक्तातला पातळ द्रव). प्लेट जवळजवळ भरली की सीरम पूर्ण काढायचं. पीबीएसने (क्षारांच्या पाण्याने) तीनदा हलक्या हाताने धुवा. इथे घाई केली तर पुढचे दोन आठवडे वाया जातात, कारण उरलेलं सीरम मानवी पूर्वपेशींना मेदपेशी होण्यापासून अडवतं. मग पहिले चार दिवस सीरमविना मीडियममध्ये ट्रान्सफेरिन, २० नॅनोमोलर इन्सुलिन, १०० नॅनोमोलर कॉर्टिसॉल, ०.२ नॅनोमोलर टी३ (थायरॉइडचं संप्रेरक), २५ नॅनोमोलर डेक्सामेथासोन, आयबीएमएक्स (२५० ते ५०० मायक्रोमोलर) आणि २ मायक्रोमोलर रोझिग्लिटाझोन. चौथ्या दिवशी शेवटची तीन काढून टाका, बाकीची १४व्या दिवसापर्यंत चालू ठेवा.

या मिश्रणातला प्रत्येक घटक आपापलं काम करतो. आयबीएमएक्स पेशीतलं सीएएमपी (पेशीच्या आतला निरोप्या रेणू) वाढवतं, डेक्सामेथासोन स्टेरॉइडचा संदेश देतं, आणि सी/ईबीपी-बीटा व डेल्टा ही जनुकं चालू करणारी प्रथिनं जागी होतात. ती पुढे त्याच जातीची पीपीएआर-गॅमा आणि सी/ईबीपी-अल्फा चालू करतात. एकदा हे दोघे एकमेकांना धरून ठेवू लागले की मागे फिरणं जवळपास नाही. रोझिग्लिटाझोन थेट पीपीएआर-गॅमाला चिकटतं. मधुमेहाचं हेच औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०१० मध्ये बंद झालं. ते घेणाऱ्यांचं वजन वाढायचं, त्यामागे काही अंशी हीच वाट होती.

सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं पहिल्या आठवड्यातच दिसू लागतं. लांबट, चातीसारख्या पेशी आखडून गोलसर होतात आणि केंद्रकाभोवती चमकणारे बारीक थेंब जमतात. १४व्या दिवशी प्लेट नीट जमली असेल तर बहुतेक पेशी थेंबांनी भरलेल्या असतात. विरळ पेरलेल्या प्लेटमध्ये मात्र मध्येमध्ये सपाट, रिकाम्या पेशींचे पट्टे राहतात. त्याचा दोष औषधांवर टाकू नका, पेरणी बघा. मायकोप्लाझ्माची (पेशींना लपून लागण करणाऱ्या जंतूंची) तपासणीही आधीच करून घ्या.

दुसरी नेहमीची चूक मीडियम बदलताना होते. चरबी भरलेली पेशी हलकी असते, जोराच्या धारेने सुटते आणि वर तरंगते. सगळं मीडियम ओढून घेऊ नका, थोडं तळाशी राहू द्या, नवीन भिंतीवरून सोडा. ऑइल रेड ओ (चरबीला लाल करणारा रंग) देताना पेशी फॉर्मलिननेच पक्क्या करा; मिथेनॉल थेंबांतली चरबीच विरघळवतं. रंगाचा साठा ६ भाग, पाणी ४ भाग, दहा मिनिटं थांबून गाळायचं. न गाळलेल्या रंगाचे लाल खडे थेंबांसारखे दिसतात आणि मोजणी फुगते.

उणिवाही मोठ्या आहेत. दाता एकच, तोही बाळ आणि त्याला जनुकीय आजार. पोटातल्या चरबीबद्दल या पेशींवरून काही ठरवू नये. त्यांत एक मोठा थेंब होत नाही, अनेक छोटेच राहतात. १४व्या दिवसाच्या आसपास त्या तपकिरी चरबीसारखं यूसीपी१ (चरबी जाळून उष्णता करणारं प्रथिन) दाखवतात आणि २८व्या दिवसापर्यंत ते ओसरतं. म्हणून १४व्या दिवशी एखाद्या औषधाने 'चरबी तपकिरी केली' असा दावा करण्याआधी औषधाविना ठेवलेली प्लेट नीट बघावी.

आणि लठ्ठपणाचा मूळ प्रश्न? स्वीडनमधल्या कर्स्टी स्पाल्डिंग यांच्या गटाने अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ च्या आधारे २००८ मध्ये दाखवलं की प्रौढ वयात मेदपेशींची संख्या साधारण स्थिर राहते, पण दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी बदलतात. म्हणजे पूर्वपेशी आयुष्यभर कामावर असतात. नव्या पेशी कमी घडल्या की जुन्या फुगतात, आणि फुगलेल्या पेशींबरोबर इन्सुलिनला दाद न देणं वाढतं. टीएनएफ-अल्फासारखा दाहाचा संदेश ही घडण कशी रोखतो, हे एसजीबीएसवर स्वच्छ तपासता येतं. एकाच्या पूर्वपेशी का अडतात आणि दुसऱ्याच्या का नाहीत, हे मात्र नाही. त्यासाठी वेगवेगळ्या दात्यांच्या ताज्या पेशी सोबत लावाव्याच लागतील.