गळ्यातल्या पट्ट्याला कास दिसत नाही

गोठ्याचं सॉफ्टवेअर विकताना 'दगडी होण्याआधी पाच दिवस मोबाईलवर कळेल' असं कोणी सांगत असेल (दगडी म्हणजे कासदाह, कासेचा संसर्ग), तर पैसे देण्याआधी हे वाचा. आम्ही वर्षाची वर्गणी आगाऊ भरून फसलो.

मिळालं ते असं: प्रत्येक गाईच्या गळ्यात पट्टा, गोठ्यात एक रिसीव्हर आणि ॲपमध्ये गाईच्या नावापुढे 'कास आरोग्य' टक्क्यांत. विकताना दाखवलेला डॅशबोर्ड वेगळाच होता. त्यात चारही सडांचे स्वतंत्र आलेख होते, दुधातल्या पेशींचे (संसर्ग झाला की या वाढतात) आकडे होते. तो नमुना दूध काढायच्या पार्लरमध्ये सडागणिक सेन्सर असलेल्या गोठ्याचा. आमच्याकडे बादलीचं मशीन, त्यात ना मीटर ना सेन्सर. मग आकडे येणार कुठून?

पट्टा मानेची हालचाल मोजतो. माज आणि रवंथ यांसाठी तो उपयोगी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सुप्त कासदाहात गाईला ताप नसतो. ती खाते, रवंथ करते, दूधही डोळ्यांना चांगलं दिसतं. रवंथ घटते ती दुखणं अंगावर आल्यावर, आणि तोवर सुजलेला सड धार काढणाऱ्याच्या हाताला लागलेला असतो.

खरं-खोटं करायला सीएमटी (कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट, दुधात द्रावण घालून कासदाह ओळखायची चाचणी) पुरते. पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्या, पॅडलच्या चार वाट्यांत चार सडांचं साधारण 3-3 मिली दूध घ्या, तेवढंच द्रावण घाला आणि दहाएक सेकंद गोल फिरवून लगेच बघा. उशीर केला तर गाठ विरते. ॲपमध्ये 92 टक्के आणि हिरवा ठिपका असलेल्या एका गाईच्या तीन वाट्या पातळ राहिल्या. मागच्या उजव्या सडाची वाटी अंड्यातल्या पांढऱ्यासारखी चिकट झाली, कलती केली तरी बुडाला धरून बसली, म्हणजे त्या सडात पेशी वाढलेल्या. विल्यानंतर पहिले काही दिवस आणि आटवण्याच्या सुमारास पेशी मुळातच वाढलेल्या असतात, म्हणून त्या गाई या पडताळणीतून वगळा. बाकीच्यांत मिलीमागे 2 लाखांवर पेशी म्हणजे कासेत संसर्ग असल्याचा संशय धरतात. हा आकडा दूध तपासूनच मिळतो, मान हलण्यावरून नाही.

शेवटी तोच पट्टा गोठ्यातल्या वळूला बांधला. काही दिवसांत त्याच्या नावापुढेही 'कास आरोग्य' हिरवं!

तक्रार केल्यावर दुधाची विद्युतवाहकता मोजणारा जोड घ्या म्हणाले, पैसे वेगळे. कासदाहात दुधातलं सोडियम आणि क्लोराईड वाढतं, म्हणून वाहकता वाढते, हे खरं. पण सेन्सर चारही सडांचं दूध एकत्र झाल्यावर मोजत असेल, तर एका सडाचा बिघाड तिघांच्या चांगल्या दुधात बुडतो. शिवाय दुधाचं तापमान, फॅट आणि दोन धारांमधलं अंतर यांनीही आकडा हलतो. त्याच गाईचे चार सड एकमेकांशी ताडून बघणारं यंत्र असेल तरच त्याला अर्थ आहे.

वर्गणी थांबवली आणि वेत, औषधं, दूध बंद ठेवल्याचे दिवस, अशा सगळ्या नोंदी ॲपमध्ये कुलूपबंद झाल्या. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक्सेल फाईल उतरवून बघा. कोटेशनवर तीन गोष्टी लिहून सही घ्या: कोणता सेन्सर काय मोजतो, सडागणिक की एकत्र, आणि करार संपल्यावर नोंदी कशा परत मिळणार. आगाऊ रक्कम द्यायचीच तर महिन्याची द्या, आणि त्या महिन्यात दर आठवड्याला सीएमटी करून ॲपच्या यादीशी ताडा.